बस्ट, बार आणि फुसका बार

ओहायोत राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे: 'फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की आमच्या घरात मुलांच्या तोंडी सतत "ही वॉज अ बस्ट" असतं. कॉलेजात गाजलेला आणि व्यावसायिक संघात गेल्यावर आपटलेला खेळाडू, हा अर्थ मला कळतो. आईला सांगताना मी "फ्लॉप" म्हणालो, पण तिचं समाधान झालं नाही आणि माझंही. याला नेमका मराठी शब्द कोणता? आणि अर्धपुतळ्याला बस्ट म्हणतात, तोच हा शब्द का?'

उत्तराआधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती रोज खटकते. मराठी बातम्यांत हल्ली 'एनएफएलच्या मसुद्यात पहिला निवडला गेलेला खेळाडू' अशी वाक्यं सर्रास छापली जातात (एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग). अहो, मसुदा म्हणजे कच्चा खर्डा. मूळ अरबी शब्दाचा अर्थच 'काळा केलेला', म्हणजे शाईने भरलेला कागद. इथला ड्राफ्ट ओढून घेण्याचा आहे, इंग्रजी 'ड्रॉ'चा सख्खा भाऊ. सैन्यातल्या सक्तीच्या भरतीला ड्राफ्ट म्हणतात तोच हा. संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू आपल्याकडे ओढून घेतात. ड्राफ्टच म्हणा किंवा निवडफेरी म्हणा, पण मसुदा नको.

आता बस्ट. छातीचं माप आणि पोलिसांचा छापा हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडतो. आपटलेल्या खेळाडूचा बस्ट म्हणजे साधा 'बर्स्ट', फुटणे. अमेरिकन बोलीत स च्या आधीचा र गळतो. 'हॉर्स'चं 'हॉस' झालं, 'कर्स'चं 'कस' झालं, तसं 'बर्स्ट'चं 'बस्ट'. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपण तर र गाळण्यात त्यांचे पूर्वज शोभू. सर्पाचा साप झाला, कर्णाचा कान झाला, आणि अगदी हाच र-श चा जोड हवा असेल तर 'पार्श्व' घ्या. पार्श्वाचं प्राकृतात पस्स झालं आणि त्यातून आपलं 'पाशी' आलं. 'माझ्यापाशी' म्हणताना आपण जो र गिळतो, तोच त्या लोकांनी बस्ट म्हणताना गिळला.

एकोणिसाव्या शतकात धंदा बुडाला, बँक बुडाली की ती 'बस्ट' झाली असं म्हणू लागले. 1859 साली कोलोरॅडोकडे सोनं शोधायला निघालेल्या गाड्यांवर 'पाइक्स पीक ऑर बस्ट' असं लिहिलेलं असे. म्हणजे एक तर त्या डोंगरापर्यंत पोचू, नाही तर फुटू. खेळात हा शब्द आला तो हा सगळा पैशाचा आणि आशेचा वास घेऊन.

म्हणूनच 'फ्लॉप' पुरत नाही. आणि म्हणूनच खेळवाहिन्यांवर दरवर्षी ज्या 'सर्वांत मोठे बस्ट' अशा याद्या काढतात, त्यांच्याशी माझं पटत नाही. या यादीकारांना कॉलेजात चमकलेला आणि पुढे न चमकलेला एवढंच दिसतं. जीनो टोरेटा घ्या. मायामीचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून संघाचा डाव चालवणारा खेळाडू; 1992 ची हाइझमन ट्रॉफी त्याची, म्हणजे त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. पण 1993 च्या ड्राफ्टमध्ये मिनेसोटाने त्याला घेतलं ते थेट सातव्या फेरीत. कुणी त्याच्यावर काही लावलंच नव्हतं, तर फुटणार काय? त्याच्याही आधीचा जे बर्वांगर पाहा. 1936 च्या पहिल्यावहिल्या ड्राफ्टमधली पहिली निवड तो होता, आणि हाइझमनचा पहिला मानकरीही तोच. तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. पैशाचं जमलं नाही, तो दुसऱ्या उद्योगात गेला. तो बस्ट नाही. की-जॅना कार्टर तर मुळीच नाही. 1995 मध्ये सिनसिनाटीने त्याला सर्वांत आधी उचललं आणि हंगामापूर्वीच्या पहिल्याच सराव सामन्यात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. मोडलेल्या गुडघ्याला बस्ट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, आणि शब्दाच्या अर्थालाही ते धरून नाही.

बस्ट व्हायला आधी ठासून भरावं लागतं. हे नीट पाहायचं तर क्वार्टरबॅक रायन लीफ पाहावा. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या संघाला त्याने 67 वर्षांनी रोझ बोल या कॉलेज फुटबॉलच्या मानाच्या सामन्यात नेलं. 1998 च्या ड्राफ्टआधी महिनोन् महिने वाद होता की पहिला पेटन मॅनिंग घ्यावा की लीफ. सॅन डिएगोच्या संघाकडे तिसरा क्रमांक होता. फक्त एक पायरी वर सरकायला त्यांनी तो तिसरा क्रमांक, दुसऱ्या फेरीची एक निवड, पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड आणि वर दोन खेळाडू दिले. मॅनिंग इंडियानापोलिसला गेला, लीफ सॅन डिएगोला आला, त्याला करारावर सही करण्याचेच 1 कोटी 12 लाख डॉलर मिळाले. पहिले दोन सामने संघ जिंकला. तिसरा कॅन्सस सिटीत. लीफने 15 पास फेकले. त्यातला एक आपल्या माणसाच्या हातात पोचला, त्यातून मिळाले चार यार्ड. दोन पास विरोधकांनी पकडले, शिवाय चेंडू हातातून सुटत राहिला तो वेगळाच. कारकीर्द संपली तेव्हा हिशेब असा होता: 14 टचडाउन, म्हणजे गुण मिळवून देणारे पास, आणि 36 इंटरसेप्शन, म्हणजे विरोधकांनी पकडलेले पास.

वाचकाच्या आईला मी जो शब्द देईन तो इथे बसतो: फुसका बार.

बाकीचे उमेदवार आधी निकालात काढू. 'नाव मोठं लक्षण खोटं' चालणार नाही, कारण लीफचं कॉलेजातलं लक्षण खोटं नव्हतं, तो खरोखरच तसा खेळला होता. 'आरंभशूर' जवळ येतो, पण आरंभशूर माणूस स्वतःच्या उत्साहाने सुरुवात करतो आणि स्वतःच कंटाळतो. त्यात दुसऱ्या कुणाची ठेव बुडत नाही. 'दिवाळखोर' सुचवणारेही भेटतात, 'गो बस्ट'चा अर्थ कोशात पाहून. पण दिवाळं खेळाडूचं निघत नाही, त्याला घेणाऱ्याचं निघतं. 'भ्रमाचा भोपळा फुटला' हे सर्वांत चांगलं, त्यात चक्क बर्स्ट आहे. फक्त ते घटनेचं नाव झालं, माणसाचं नाही. लीफला भ्रमाचा भोपळा म्हणता येत नाही.

आणि आता बार. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, तेव्हा थोडं थांबतो.

पुष्कळ जण ठामपणे सांगतात की बार हा ध्वनीवरून आलेला शब्द आहे, बंदुकीचा आवाज म्हणजे बार, धडाम् किंवा फाड् यांच्यासारखा. मला हे साफ अमान्य आहे. त्यांनी एकदा तंबाखू खाणाऱ्या माणसाकडे नीट पाहावं. तो तळहातावर तंबाखू घेतो, चुना लावतो, अंगठ्याने मळतो, दोन थापा मारून कचरा झटकतो आणि ओठामागे सारतो. आपण म्हणतो, त्याने तंबाखूचा बार भरला. यात आवाज कुठे आहे? आवाज नाही, भरणं आहे. बार म्हणजे फारसीतलं ओझं, भार. धान्याच्या पोत्याला आणि खोक्याला व्यापारी बारदान म्हणतात ते ओझं ठेवायचं पात्र म्हणून. हा फारसी बार आणि आपला संस्कृत भार एकाच मुळाचे, आणि इंग्रजीतलं वाहून नेण्याचं 'बेअर' हे त्यांचंच दूरचं भावंड. बंदुकीत जेवढी दारू एका वेळेला भरायची, तेवढं तिचं ओझं, तो बार. तो उडाल्यावर जो आवाज होतो त्याला बार म्हणणं ही नंतरची पायरी. इंग्रजांनीही हेच केलं: बंदुकीतल्या दारूला ते 'चार्ज' म्हणतात, आणि चार्जचा मूळ अर्थही गाडीत चढवलेलं ओझंच आहे. दोन भाषा, एकमेकींना न विचारता, एकाच वाटेने गेल्या. लग्नाचा बार उडवतात तेव्हा तोफा उडत नसतात, पण वर्षभर जमवलेलं ओझं मात्र एका दिवसात मोकळं होतं. ध्वनिवाद्यांनी याचं उत्तर द्यावं.

ठासणीच्या बंदुकीत दारू ओतायची, वर चिंधी, मग गोळी, आणि गजाने ठासायचं. कानापाशी बारीक दारू घालायची, तिला रंजक म्हणत. बत्ती दिली की रंजक पेटते, आणि आतली दारू दमट असेल तर नुसतं फुस्स होऊन राहतं. तो फुसका बार. म्हणजे फुसका ठरायला आधी बार भरलेला असावा लागतो. टोरेटा फुसका बार नाही, कारण त्याच्यात कुणी बारच भरला नव्हता. बर्वांगरला बत्ती लागलीच नाही. कार्टरची नळीच फुटली. लीफच्या बाबतीत मात्र दारू भरली होती, ठासली होती, पहिले दोन सामने रंजकही पेटली, आणि गोळी नळीतच राहिली.

एक उलटापालट लक्षात घ्या, मला ती फार आवडते. इंग्रजीत फुटला म्हणून वाया गेला, मराठीत फुटला नाही म्हणून वाया गेला. त्यांच्या डोळ्यांसमोर बुडबुडा, पिशवी, बँक. आपल्यासमोर दारू.

बार भरतं कोण, याला या खेळात महत्त्व आहे. जमार्कस रसेल हा लुइझियाना स्टेटचा क्वार्टरबॅक साडेसहा फुटी होता, हातात अफाट ताकद. 2007 मध्ये ओकलंडने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि तीन कोटींहून जास्त डॉलरची हमी दिली. 2010 च्या मे महिन्यात त्याला काढून टाकलं. तेवढ्या काळात तो सुरुवातीपासून खेळला असे सात सामने संघाने जिंकले, 18 हरले. ताकद दिसते, मोजता येते, म्हणून तिच्यावर पैसे लागतात. समोरचा बचाव एक मांडणी दाखवून दुसरीच खेळतो, ते दोन-तीन सेकंदांत ओळखणं मोजता येत नाही. कॉलेजात 2023 पर्यंत पुष्कळदा मैदानाबाहेरून प्रशिक्षक खाणाखुणांनी डाव सांगत, क्वार्टरबॅकने तिकडे पाहून तो उतरवायचा. एनएफएलमध्ये हेल्मेटमधून येणारा प्रशिक्षकाचा आवाज ठरल्या क्षणी बंद होतो आणि पुढचं सगळं एकट्याचं. दमट दारू ओळखू येते ती इथे.

2010 च्या पहिल्या निवडीला, सॅम ब्रॅडफर्डला, पाच कोटी डॉलरची हमी मिळाली. पुढच्याच वर्षी लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत झालेल्या करारात नवख्यांच्या पगाराला मर्यादा घातली गेली, आणि 2011 च्या पहिल्या निवडीला, कॅम न्यूटनला, चार वर्षांचे मिळून सुमारे 2 कोटी 20 लाख मिळाले. म्हणून बार लहान झाला असं कुणी म्हणेल. नाही झाला. आता पैशाऐवजी निवडींचा बार भरतात. 2021 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने बाराव्यावरून तिसऱ्या क्रमांकावर येण्यासाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजल्या आणि क्वार्टरबॅक ट्रे लान्स आणला. दोन वर्षांनी तो चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात डॅलसला गेला. त्याच संघात तोवर ब्रॉक पर्डी खेळू लागला होता, 2022 च्या ड्राफ्टमधली अगदी शेवटची, 262 वी निवड. त्याच्यात कुणी चिमूटभरही दारू घातली नव्हती.

पुतळ्याचं राहिलं. तो बस्ट वेगळा. तो फ्रेंचमार्गे इटालियन 'बुस्तो'वरून आला, आणि त्याच्या मागे लॅटिन 'बुस्तुम' असावा असं मानतात. बुस्तुम म्हणजे दहनाची जागा, आणि मग समाधी. 'कम्बश्चन'मधला बस्ट तो हाच. समाधीवर मृताचा अर्धपुतळा बसवत, म्हणून पुतळ्याला ते नाव. दोन्ही शब्दांचा काडीचा संबंध नाही.

पण वाचक ओहायोत राहतात, म्हणून एवढं सांगायलाच हवं. त्यांच्याच राज्यातल्या कँटन गावी व्यावसायिक फुटबॉलचं हॉल ऑफ फेम आहे आणि तिथे निवडल्या गेलेल्या प्रत्येकाचा ब्राँझचा बस्ट ठेवतात. 1989 च्या ड्राफ्टमधले पहिले पाच असे: ट्रॉय एकमन, टोनी मँडरिच, बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस, डिऑन सँडर्स. मँडरिच हा मिशिगन स्टेटचा, क्वार्टरबॅकला आडोसा देणाऱ्या फळीतला अवाढव्य खेळाडू. त्या वसंतात 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या मुखपृष्ठावर तो 'इन्क्रेडिबल बल्क' होता. 1992 मध्ये त्याच साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याला 'इन्क्रेडिबल बस्ट' म्हटलं गेलं. कॉलेजात स्टेरॉइड घेत असल्याचं त्याने 2008 मध्ये स्वतः सांगितलं. बाकी चौघांचे बस्ट कँटनमध्ये आहेत. पाचातल्या चौघांना लॅटिन बस्ट मिळाला, एकाला अमेरिकन.

शेवटी क्रियापद. 'तो बस्ट झाला' असं तिकडच्या मराठी घरांत ऐकू येतं, ते बदला. होणं म्हणजे आधी नव्हता आणि नंतर बनला. आपल्याकडे नारळ कुचका निघतो, कलिंगड पांढरं निघतं, बार फुसका निघतो. घेताना कळलं नव्हतं, उघडल्यावर कळलं, हा अख्खा अर्थ 'निघणे' या एका क्रियापदात आहे. ड्राफ्टबद्दल बोलायला याहून योग्य क्रियापद नाही. आईला सांगा: कॉलेजात गाजला होता, पण बार फुसका निघाला.