रीडिंग २५.०२०, लिमिट २५.०२१, मग पास लिहायचं का?

तुमचा बोअर (भोक) २५ एच७, म्हणजे चालणारी साइज २५.००० ते २५.०२१ मिमी, रीडिंग आलंय २५.०२० आणि अनसर्टन्टी (मोजमापातली शंका, यू) ±०.००३, के=२ ला, म्हणजे साधारण ९५ टक्के खात्रीने. नुसत्या रीडिंगवरून पास-फेल ठरत नाही हो, आधी कस्टमरशी डिसिजन रूल, म्हणजे पास-फेल ठरवताना अनसर्टन्टीचा हिशोब कसा करायचा, काय ठरलाय ते बघा. आयएसओ १७०२५ या लॅबसाठीच्या स्टँडर्डच्या २०१७ च्या आवृत्तीत लॅबला पास-फेल लिहून द्यायचं असेल तर हा रूल आधी ठरवावाच लागतो, तुमचं शॉपफ्लोअर लॅब नसलं तरी हेच करा.

सिंपल अ‍ॅक्सेप्टन्स, म्हणजे रीडिंग लिमिटच्या आत आलं की पास, असं ठरलं असेल तर पीस पास. पण नॉर्मल डिस्ट्रिब्युशन धरलं तर खरी साइज लिमिटच्या बाहेर असायची शक्यता साधारण २५ टक्के आहे, आणि रीडिंग बरोब्बर लिमिटवर आलं तर ती ५० टक्क्यांवर जाते, हे कस्टमरला माहीत असून त्याने मान्य केलेलं पाहिजे. गार्ड बँड, म्हणजे दोन्ही लिमिटच्या आत सोडायची जागा, पूर्ण यू एवढा ठेवला तर पास फक्त २५.००३ ते २५.०१८, मग चुकून पास व्हायची रिस्क अडीच टक्क्यांच्या आत येते पण तुमचा हा पीस त्यात बसत नाही.

आता वाद कुठे होतो, तर कस्टमर त्याच्याकडे मोजतो, त्याला २५.०२२ येतं आणि तो लॉट परत पाठवतो. मोजमापावरून पास-रिजेक्ट ठरवायच्या आयएसओ १४२५३-१ या स्टँडर्डचं तत्त्व इथे फार न्याय्य वाटतं मला, जो सिद्ध करणार त्याने स्वतःची अनसर्टन्टी सोसायची. तुम्ही पास म्हणताय तर तुम्ही आत सरका, तो रिजेक्ट म्हणतोय तर त्याने त्याची अनसर्टन्टी धरूनही साइज बाहेर जाते हे दाखवावं, त्याचीही ३ मायक्रॉन असेल तर २५.०२४ च्या वर. मधल्या पट्ट्यात दोघांनाही ठाम बोलता येत नाही, म्हणून रूल पीओवरच (परचेस ऑर्डरवर) लिहून घ्या, रीडिंग बघून रूल निवडणं तर अजिबात नको.

आणि पास येईपर्यंत परत परत मोजू नका प्लीज. सरासरी घेतलीत तरी अनसर्टन्टीतला रिपीटॅबिलिटीचाच (परत मोजल्यावर रीडिंगमध्ये येणाऱ्या फरकाचा) भाग कमी होतो, सेटिंग रिंगच्या (गेज ज्या रिंगवर सेट करता तिच्या) कॅलिब्रेशनचा तसाच राहतो. त्यापेक्षा टेम्परेचर बघा: बोअर असलेलं हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमचं आणि रिंग स्टीलची असेल तर ३० डिग्रीला, म्हणजे २० च्या रेफरन्सपेक्षा १० डिग्री वर, २५ मिमीवर जवळपास ३ मायक्रॉनचा फरक तिथेच पडतो, तुमच्या सगळ्या अनसर्टन्टीएवढा.