मित्राला डोटा २ (ऑनलाइन व्हिडिओ गेम) शिकवायचंय, पण तो दोन मॅचमध्येच वैतागतो. काय करू?

सगळं एकदम सांगायला जाऊ नका. हिरो, म्हणजे आपण खेळवतो ती पात्रं, शंभराहून जास्त आहेत. त्याला दोनच द्या, स्नायपर आणि रेथ किंग. सुरुवात बॉट्सविरुद्ध (कॉम्प्युटर चालवतो ते खेळाडू) करा आणि आधी फक्त लास्ट हिट शिकवा. क्रीपची (समोरून आपोआप चालत येणारे छोटे सैनिक) हेल्थ अगदी थोडी उरली की मगच मारायचं, कारण शेवटचा घाव ज्याचा, सोनं त्यालाच. नवखा माणूस दिसेल त्याला ठोकत सुटतो, लेन (दोन्हीकडचे क्रीप भिडतात ती जागा) पुढे सरकते आणि हा समोरच्याच्या, मारा करणाऱ्या टॉवरखाली जाऊन मरतो. आयटम, वॉर्ड (नकाशावर नजर ठेवायला लावतात ते) वगैरे नंतर बघता येईल.

मॅच चालू असताना माइकवर ओरडू नका (मी ओरडायचो, दोघांनी गेमच सोडला). तो मेला की रिस्पॉन होईपर्यंत, म्हणजे पुन्हा जिवंत होईपर्यंत, एकच वाक्य बोला. बाकीचं रिप्लेमध्ये दाखवा.