गिलाव्याआधी बघून घे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा नकाशा मिळाला. फरशी कुठली घ्यावी, ओटा कसला करावा, समोरच्या भिंतीला दगड लावावा का, असं बरंच विचारलं आहेस. त्याबद्दल बोलू, पण आत्ता नाही. फरशी पुढेमागे बदलता येते, ओटा काढून नवा बसवता येतो, रंग तर पुन्हा द्यावाच लागतो. पायातली सळई, कॉलमच्या पोटातलं काँक्रीट, भिंतीत गाडलेले पाइप मात्र एकदा झाकले गेले की दिसत नाहीत, आणि पुन्हा दिसतात तेव्हा आपण छिन्नी-हातोडा घेऊन उभे असतो. म्हणून हे पत्र झाकल्या जाणाऱ्या गोष्टींसाठी.

नकाशा चांगला आहे, तरी खोदाईआधी जमिनीवर फक्कीनं सगळ्या खोल्या आखून घे. पलंग, कपाट, दार उघडायला लागणारी जागाही आख आणि त्यातून चालून बघ. कागदावर ऐसपैस वाटणारी खोली पलंग मांडल्यावर केवढी उरते, ते तिथे कळतं. भिंत हलवायची तर ती तेव्हाच हलव, वीटकाम सुरू झाल्यावर नाही. जिन्याचंही तेच. पायरीची उंची 150 ते 175 मिलिमीटरच्या दरम्यान ठेव, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात. बिघडते ती बहुधा पहिली किंवा शेवटची, कारण वर-खाली बसणाऱ्या फरशीची जाडी कोणी धरलेली नसते. रोज जिना उतरणाऱ्या पायाला उंची पाठ होते, आणि एकच पायरी वेगळी असली तर माणूस तिथेच अडखळतो.

पाया किती खोल न्यायचा, हे शेजारच्या घरावरून ठरवू नकोस. दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन आत काय लागतं ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखव. चिकण माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते आणि वरचं घर हलवते. भरावाची जमीन वर्षानुवर्षं दबत राहते. आसपासच्या घरांच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा गेलेल्या दिसल्या, तर तेही इंजिनिअरला सांग. त्याच्या फीमध्ये काटकसर करू नकोस. एकूण खर्चात ती थोडी असते आणि तिच्यावर सगळं घर उभं असतं.

आता काँक्रीट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथलं चुकलेलं सुधारत नाही.

स्लॅबच्या दिवशी साइटवर घाई असते. मिक्सर फिरतोय, पाट्या वर जातायत, सगळ्यांना दिवस मावळायच्या आत मोकळं व्हायचंय. दुपारी माल जड वाटू लागतो आणि कोणीतरी ओरडतं, "पाणी टाक रे थोडं!" त्या एका बादलीसाठी तू तिथे हवीस. 50 किलोच्या गोणीला 25 लिटर पाणी धरलं तरी ते सिमेंटच्या वजनाच्या निम्मं झालं. त्यापुढे सहसा जायचं नाही, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणी त्यातून वजा करायचं. नेमका आकडा इंजिनिअरकडून लिहून घे आणि मोजायला मापाचं एकच भांडं ठेव. सिमेंटला लागतं त्याहून जास्तीचं पाणी आत जागा अडवून बसतं. पुढे ते उडून जातं, बारीक छिद्रं उरतात आणि काँक्रीट कमजोर होतं. पातळ माल पसरायला सोपा म्हणून कामगार तो मागतात. त्यांचा तरी काय दोष, दिवसभर ते वजन त्यांच्याच खांद्यावर असतं. म्हणून माल नीट बसायला व्हायब्रेटर हवा. एक चालू, एक जोडीला तयार, कारण ऐन वेळी तो बंद पडला की पाण्याची बादली पुढे येतेच.

काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी नकाशा हातात घेऊन सळया मोज. कुठल्या जाडीच्या, किती अंतरावर, कॉलमच्या रिंगा किती जवळ, सळईवर सळई जोडली तिथे लांबी पुरेशी आहे का. सळई आणि साचा यांच्यामध्ये कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्यापासून दूर ठेवणारे छोटे ठोकळे, हवेत, स्लॅबला साधारण 20 मिलिमीटरचे, कॉलमला 40 चे. खडीचे तुकडे अडकवून "झालं की कव्हर" असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस. ते सरकतात.

हे मी आग्रहानं सांगतोय, कारण माझ्या स्वतःच्या घरात हे घडलं आहे. मागच्या बाजूच्या एका कॉलमचा साचा काढला त्या दिवशी मी गावाला गेलो होतो. तळाशी मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या राहिल्या होत्या. मी परत येईपर्यंत त्यावर माल फासून हात फिरवलेला होता. मीही बोटानं टोकून पाहिलं नाही. काही वर्षांनी त्या कोपऱ्यावर उभी बारीक भेग आली, मग तांबूस डाग, मग एका सकाळी गिलाव्याचा पोपडा जमिनीवर. फोडून बघितलं तर आतली सळई गंजून फुगली होती. गंज लोखंडाहून जास्त जागा घेतो आणि भोवतालचं काँक्रीट आतून ढकलून फोडतो. घराला टेकू लावून तो कॉलम दुरुस्त करावा लागला. त्या पंधरवड्यात घरात कोणाला नीट झोप लागली नाही. तुझ्या घरी साचा निघेल त्या प्रत्येक दिवशी तू हजर राहा. पोकळी दिसली तर इंजिनिअर येईपर्यंत कोणालाही हात लावू देऊ नकोस.

मग पाणी मारणं. लोक म्हणतात काँक्रीट वाळलं पाहिजे, आणि तिथेच चूक होते. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगानं घट्ट होतं. पाणी लवकर उडालं की ते काम अर्धवट राहतं. आधी जास्त पाणी नको म्हटलं आणि आता भरपूर हवं म्हणतोय, यानं गोंधळू नकोस. पहिलं पाणी मालाच्या आत असतं, दुसरं घट्ट झालेल्या काँक्रीटच्या बाहेरून. पृष्ठभाग कडक झाला की स्लॅबवर मालाचे छोटे बांध घालून वाफे कर आणि त्यांत दोन बोटं पाणी उभं ठेव. निदान 7 दिवस, कडक ऊन असेल तर 10 ते 14. कॉलमला बारदान गुंडाळून ते ओलं ठेव. सकाळी एकदा पाइप फिरवून दुपारी कोरडं पडू देणं म्हणजे क्युरिंग नव्हे. काँक्रीटची ताकद 28 दिवसांची धरतात. आठवड्याला साधारण दोन तृतीयांश आलेली असते. टेकू कधी काढायचे, ती तारीख इंजिनिअरनं ठरवायची. फळ्या दुसऱ्या साइटवर हव्यात म्हणून ती अलीकडे येता कामा नये.

वाळू आली की काचेच्या बरणीत थोडी घे, पाणी घालून हलव आणि काही तास ठेव. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या साधारण 8 टक्क्यांहून जाड असेल तर गाडी परत पाठव किंवा वाळू धुऊन घे. सिमेंट फळ्यांवर, भिंतीपासून दूर रच आणि आधी आलेलं आधी वापर.

भिंतींना गिलावा होण्याआधी पाण्याच्या लाइनला दाब देऊन ती तशीच ठेव आणि दाब दाखवणारा काटा उतरतो का बघ. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की फरशीआधी 48 तास पाणी भरून ठेव आणि खालून छत तपास. मग प्रत्येक भिंतीचा फोटो काढ, टेप लावून, म्हणजे जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून पाइप, वायर किती अंतरावर आहे ते कळेल. पुढे भिंतीत खिळा ठोकताना हे फोटो शोधशील.

पैशांचं थोडक्यात. दर ठरवताना त्यात काय धरलंय आणि काय नाही, ते लिहून घे. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांध: पाया, जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा. कामापुढे पैसे जाऊ देऊ नकोस आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा होईपर्यंत थोडा राखून ठेव. पण ठरलेला हप्ता त्याच दिवशी दे. मिस्त्रीचं काही चुकलं तर त्याच्या माणसांसमोर नको, बाजूला घेऊन सांग. चांगला गवंडी "हे असं का?" विचारल्यावर चिडत नाही, ओळंबा लावून दाखवतो. असा माणूस मिळाला तर थोडा महाग पडला तरी सोडू नकोस.

खोदाईचा दिवस ठरला की कळव. तळ लागला की काँक्रीट पडायच्या आत मला एकदा त्या खड्ड्यात उतरून बघायचंय. टेप आणि ओळंबा मी आणीन, तू नकाशाची मोठी प्रत काढून ठेव.

तुझा,
काका