एआयच्या काळात माणूस केंद्रस्थानी ठेवून कंपनी चालवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

सगळ्यात आधी हे ठरवा, की एआय चुकलं तर उत्तर कोण देणार. 2024 साली कॅनडात हाच मुद्दा लवादापुढे आला होता. आजी वारली म्हणून तातडीनं निघालेल्या प्रवाशाला एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं सांगितलं, की आत्ता तिकीट काढा, सवलतीसाठी 90 दिवसांत अर्ज करता येईल. प्रत्यक्षात प्रवास झाल्यावर तशी सवलत मिळत नव्हती. कंपनीचा युक्तिवाद काय, तर चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतःच जबाबदार! लवादानं तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. अशा हळव्या वेळी माणसाला असं वाऱ्यावर सोडणं मला फार खटकतं. म्हणून ग्राहकाशी बोलणाऱ्या प्रत्येक यंत्रणेमागे एक जबाबदार माणूस नेमा, आणि त्याच्यापर्यंत पोचायची वाट सोपी ठेवा.

दुसरं, कर्मचाऱ्याला "थांबा" म्हणायचा हक्क द्या. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसला की साधा कामगारही दोरी ओढून लाइन थांबवू शकतो. ही पद्धत एआय येण्याच्या कितीतरी आधीची, पण आज तिची गरज जास्त आहे. यंत्राचा निर्णय पटला नाही तर तो रोखणाऱ्याला वरिष्ठांची बोलणी खावी लागत असतील, तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल.

नोकरकपातीबद्दल एवढंच, की कुठलं काम यंत्राकडे जाणार आहे ते लोकांना आधी सांगा आणि नवं काम शिकायला कामाच्या वेळेतच वेळ द्या.