क्लास पाच माझ्याच माथी का?

जर्मनीत नोकरी करणाऱ्या वाचकांच्या टॅक्स क्लासविषयीच्या तीन प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत. दरमहा पगारातून किती कर कापायचा हे ज्या वर्गावरून ठरते, तो टॅक्स क्लास.

प्रश्न : लग्नानंतर सगळे करतात म्हणून मिस्टरांना क्लास तीन आणि मला पाच घेतला. मी अर्धवेळ काम करते. पगारातून इतके कापले जाते की नोकरी सोडावीशी वाटते. मी खरेच जास्त कर भरते का?
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : कर तुम्ही दोघे मिळून भरता, कापला मात्र तुमच्या पगारातून जातो. 2025 साठी प्रत्येकाचे 12,096 युरो करमुक्त होते. तीन-पाच घेतले की तुमचा हा वाटाही पतीच्या पगाराला लागतो. त्यांचे (2025 च्या हिशेबाने) 24,192 युरो मोकळे राहतात आणि तुमच्यावर पहिल्या युरोपासून कर बसतो. पगारपत्रक पाहून धसका बसतो तो यामुळेच.

वर्षाचा हिशेब क्लासवर ठरत नाही. समजा, वजावटी जाऊन पतीचे करपात्र उत्पन्न 60,000 आणि तुमचे 20,000 आहे. 2025 च्या दरांनी वेगवेगळा कर भरला तर दोघांचा मिळून सुमारे 16,054 युरो होतो, एकत्र विवरणपत्र भरले तर 14,640. हे 1,414 युरो एकत्र विवरणपत्रामुळे वाचतात. क्लास चार-चार (दोघांना एकच क्लास, ज्याची करमुक्त रक्कम त्याच्याकडे) असला तरी तेवढेच वाचले असते, फक्त हातात उशिरा आले असते. दोघांचे उत्पन्न सारखे असेल तर फायदा शून्य. तुम्ही काहीच कमावत नसाल तर पतीच्या 60,000 वरचा कर 14,415 वरून 8,606 वर येतो. ‘तीन-पाच घेतले की टॅक्स वाचतो’ हे कँटीनमधले ज्ञान म्हणून ऐकावे आणि सोडून द्यावे.

तीन-पाचची कपात 60:40 उत्पन्न गृहीत धरून बेतलेली असते. प्रमाण वेगळे असेल तर वर्षअखेर फिनान्झाम्टचे (कर कार्यालयाचे) बिल येऊ शकते. तीन-पाच घेणाऱ्यांना विवरणपत्र सक्तीचे असते, मुदत पुढच्या वर्षाच्या 31 जुलैपर्यंत. तुमचे देणे किमान 400 युरो निघाले तर पुढच्या वर्षासाठी तिमाही आगाऊ हप्तेही मागे लागू शकतात.

तुमच्यासाठी ‘फाक्टरसह चार-चार’ बरे. दोघांचे अपेक्षित वार्षिक पगार कळवले की फिनान्झाम्ट एकापेक्षा कमी असा गुणक (फाक्टर) काढून देते, दोघांची कपात त्याने गुणली जाते. करमुक्त रक्कम ज्याची त्याच्याकडे राहते आणि एकत्र विवरणपत्राचा फायदाही दरमहा दोघांच्या कपातीत उतरतो. फाक्टर जास्तीत जास्त दोन वर्षे चालतो, विवरणपत्र इथेही सक्तीचे. अर्ज एल्स्टर या कर खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येतो, दोघांनी मिळून. साध्या चार-चारवर परतायचे असेल तर मात्र एकाचाच अर्ज पुरतो. पतीची सही लागत नाही, हे पुष्कळ जणींना ठाऊकच नसते. बदल अर्जाच्या पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून लागू होतो, चालू वर्षासाठी 30 नोव्हेंबरपर्यंत अर्ज हवा. नोकरी गेली तर बेकारभत्ताही नेट (हातात येणाऱ्या) पगारावरूनच ठरतो, तेव्हा क्लास पाच तिथेही नडतो.

प्रश्न : आम्हाला मूल हवे आहे. एल्टर्नगेल्डसाठी (बालसंगोपन रजेतल्या सरकारी भत्त्यासाठी) क्लास बदलावा का? कधी?
— एक वाचक, फ्रांकफुर्ट

उत्तर : जी जास्त काळ रजा घेणार तिला क्लास तीन, हा सरळ मार्ग. तिचा पगार कमी असला तरी चालते. एल्टर्नगेल्डसाठी क्लास बदलणे हा गैरवापर नव्हे, असे जर्मनीच्या संघीय सामाजिक न्यायालयाने 2009 मध्येच स्पष्ट केले आहे.

गणित चुकते ते महिन्यांचे. आईच्या बाबतीत ज्या महिन्यात प्रसूतिपूर्व रजा सुरू होते त्याच्या आधीचे 12 महिने धरले जातात, आणि त्यांतल्या बहुतेक महिन्यांत जो क्लास होता तो मोजला जातो. म्हणजे किमान सात महिने क्लास तीन असायला हवा. रजा प्रसूतीच्या तारखेआधी सहा आठवडे सुरू होते. गर्भधारणेची चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर महिनाभर विचार केलात तर गाडी सुटली. त्यामुळे क्लास बदलण्याचा अर्ज आधीच करून ठेवावा.

एल्टर्नगेल्ड नेटच्या साधारण 65 टक्के, कमाल 1,800 युरो. क्लास बदलून नेट 400 ने वाढला तर महिन्याला 260 जास्त. दरम्यान पतीच्या पगारातून जास्त कापलेला कर विवरणपत्रात जमेस धरला जातो. बाळंतपणानंतर क्लास तीन पुन्हा पतीकडे द्यावा, एल्टर्नगेल्ड त्याने घटत नाही. एल्टर्नगेल्डवर कर नसला तरी उरलेल्या उत्पन्नावरच्या कराचा दर त्यामुळे चढतो. थोडे पैसे बाजूला ठेवा.

प्रश्न : लग्न पुण्यात झाले, पत्नी अजून तिथेच नोकरी करते. क्लास तीन कधी मिळेल?
— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : ती इथे राहायला आल्यावर. तोपर्यंत लग्न झालेले असूनही तुम्ही अविवाहितांच्या क्लास एकमध्येच. आल्यावर पत्ता नोंदवताना विवाह प्रमाणपत्र (आपल्याकडचा नमुना ‘ई’) आणि त्याचे शपथबद्ध भाषांतरकाराने केलेले जर्मन भाषांतर न्यावे. नोंद झाली की दोघांना आपोआप चार-चार लागतो. तीनसाठी वेगळा अर्ज.

ती डिसेंबरात आली तरी त्या अख्ख्या वर्षाचे विवरणपत्र एकत्र भरता येते. फक्त येण्याआधीचा तिचा भारतातला पगार कराचा दर ठरवताना धरला जातो, त्यासाठी विवरणपत्राची ‘आन्लागे डब्ल्यूए-ईएसटी’ ही पुरवणी भरावी लागते. पुरावा म्हणून नुसता फॉर्म 16 पुरत नाही, कारण आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आणि इथले जानेवारी ते डिसेंबर. नोकरी सोडण्याआधी तिला जानेवारीपासूनच्या सगळ्या सॅलरी स्लिपा उतरवून घ्यायला सांगा. कंपनीचे लॉगिन बंद झाल्यावर त्या मिळवताना नाकी नऊ येतात.