हंगामाच्या पहिल्या फेरीआधी

पोरा,

बॅज मिळाला, आता तू पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-पिंपळगावच्या बागांवर मजुरांची क्रुझर चालवणार. गाडीत बसणारे बहुतेक जण पोटासाठी, आपल्या मर्जीने निघालेले असतात, हे आधी मनात ठेव. तरी कुणाला फसवून किंवा धाकाने नेत नाहीत ना, हे आरशात बघत जा. त्याच्या खुणा अशा. सगळ्यांचे मोबाइल आणि आधार कार्डं एकाच माणसाच्या खिशात. मुलीला गाव विचारलं की उत्तर सोबतचा देतो. गाडी चहाला थांबली तरी तिला उतरू देत नाही. लहान पोरांना कुठे चाललोय तेच ठाऊक नाही. एका खुणेवरून काही ठरत नाही, दोन-तीन जुळल्या तर गप्प बसू नकोस.

2022 मध्ये आपल्याच इगतपुरी तालुक्यातली कातकरी पोरं थोडे पैसे आणि एखादं मेंढरू देऊन राबायला नेल्याचं उघड झालं, तेही एका मुलीचा जीव गेल्यावर. आधी कुणी एक फोन केला असता तर, हे माझ्या मनातून जात नाही.

मुकादम म्हणेल, घरच्यांनी उचल घेतलीय, पोरगीही राजी आहे. ऐकू नकोस. भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 नुसार फसवून, धाकाने किंवा पैशाच्या लालचेने पिळवणुकीसाठी माणूस नेणं हा गुन्हा आहे आणि तिथे त्या माणसाची संमती ग्राह्य धरत नाहीत. त्यासाठी वाहून नेणंही त्यातच येतं. मूल 18 वर्षांखालचं असेल तर किमान 10 वर्षांची सक्तमजुरी.

फोन 112 वर, मुलांसाठी 1098. गाडीचा नंबर, रंग, दिशा, कुठला टोलनाका ओलांडला, आत किती जण, एवढंच सांग. 'टोळी पकडलीय' असं म्हणू नकोस. मे 2023 मध्ये मनमाड आणि भुसावळला बिहारची 59 मुलं रेल्वेतून उतरवली, सोबतच्यांवर तस्करीचा गुन्हा दाखल झाला. पुढे पोलिसांनीच गैरसमज होता म्हणून प्रकरण बंद केलं. आणि फोटो ग्रुपवर तर अजिबात टाकू नकोस. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारलं.

दुसऱ्याच्या गाडीला आडवा जाऊ नकोस, राग त्या मुलीवर निघतो. संशय स्वतःच्याच गाडीत आला तर चेहऱ्यावर काही दाखवू नकोस. नेहमीच्याच वेगाने चालव आणि वाटेतल्या पहिल्या पोलीस ठाण्यासमोर गाडी उभी कर.