थिसिसच्या रिपॉझिटरीतून संशोधनाला जोडीदार सुचवणं: आधी नावं, मग अल्गोरिदम

ताई, प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे तुमच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत डीस्पेस (थिसिस-पेपर ऑनलाइन साठवायचं सॉफ्टवेअर) आहे, त्यात काही हजार थिसिस आणि प्राध्यापकांचे थोडेफार पेपर आहेत, वरून हुकूम आलाय की काहीतरी इंटरडिसिप्लिनरी दिसलं पाहिजे, म्हणून प्रत्येक प्राध्यापकाने लॉगिन केलं की "यांच्यासोबत काम करू शकाल" अशी पाच नावं यायला हवीत, आणि प्रोजेक्टला आलेला एमसीएचा पोरगा म्हणतोय कोलॅबरेटिव्ह फिल्टरिंग लावू, नेटफ्लिक्ससारखं, म्हणजे तुमच्यासारखी आवड असलेल्यांनी काय निवडलं त्यावरून तुम्हाला सुचवायचं. तर नका लावू. निदान सुरुवात तरी त्याने नको.

त्या नावात कोलॅबरेटिव्ह आहे म्हणून सगळे फसतात. त्याचा आणि संशोधनातल्या कोलॅबरेशनचा काही संबंध नाही. 1992 साली झेरॉक्स पार्कमध्ये टॅपेस्ट्री नावाची सिस्टीम केली होती, ढिगाने येणाऱ्या ईमेलमधून कामाचं काय ते बाकीच्यांच्या शेऱ्यांवरून गाळायचं, तिथून तो शब्द आला. सिनेमाला तुम्ही आवडता का हे कोणी विचारत नाही, तुम्हाला तो आवडला की झालं. इथे समोर माणूस आहे आणि त्यानेही हो म्हणायला हवं. हे दुकान नाही, वधूवर सूचक मंडळ आहे. मंडळात बसणाऱ्या काकूंना जे कळतं ते कोडमध्ये यायला हवं: एकाच चांगल्या स्थळाचा फोटो सगळ्यांना दाखवून चालत नाही, आधीच नात्यातला असेल तर सुचवायचा नाही, आणि ज्यांचं जमून गेलंय त्यांची वही बाजूला ठेवायची.

पण खरं घोडं पेंड खातं ते नावांत. मी एका विद्यापीठासाठी (नाव नको) असलंच काम केलं होतं. पहिला डेमो, समोर चार विभागप्रमुख, एका सरांचं प्रोफाइल उघडलं आणि पहिल्या क्रमांकाची शिफारस आली ती त्यांचीच. जुळणी 97 टक्के! कारण थिसिसवर गाइड म्हणून त्यांचं नाव आडनाव आधी आणि दोन इनिशियल असं, पेपरवर पूर्ण नाव, सिस्टीमच्या लेखी दोन वेगळी माणसं आणि दोघांचा विषय अगदी सेम. सगळे हसले, सरही हसले. दुसऱ्या क्रमांकावर ज्यांचं नाव होतं त्यांच्याशी सरांचं बरीच वर्षं बोलणं बंद होतं, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. तिसरे रिटायर होऊन मुलाकडे अमेरिकेला गेलेले. मी लॅपटॉप मिटला आणि चहा मागवला.

आपल्याकडे हा त्रास जास्तच आहे. एस. बी. पाटील म्हणून शोधा आणि किती निघतात बघा. मधलं इनिशियल वडलांचं, लग्नानंतर बाईंचं आडनावही बदलतं आणि मधलं अक्षरही, म्हणजे पीएचडीच्या थिसिसवर एक बाई आणि नंतरच्या पेपरांवर दुसरीच बाई, तिचं निम्मं काम सिस्टीमला दिसतच नाही. शिफारसीत बायका मागे का पडतात याचं एक कारण हे साधं आहे, पण ते कोणी तपासत नाही. त्यात जाधव विदर्भात जाधाव होतात आणि इंग्रजी स्पेलिंग शेवटच्या अक्षराने वेगळं पडतं. संस्थांचंही तेच, पुणे विद्यापीठ 2014 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला 2018 मध्ये बहिणाबाईंचं नाव मिळालं, सोलापूरला 2019 मध्ये अहिल्यादेवींचं, एकाच टेबलावर बसून लिहिलेल्या दोन पेपरांवर दोन विद्यापीठं.

ऑर्किड आयडी, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतःचा कायमचा ओळख क्रमांक, हा यावरचा उपाय, 2012 पासून आहे, 16 आकडी, फुकट. तुमच्याकडे किती जणांचा आहे ते आधी मोजा, आणि आहे म्हणजे काढून ठेवलेला नव्हे, त्यात पेपर जोडलेले हवेत. नॅकच्या (कॉलेज-विद्यापीठांच्या मूल्यांकनाच्या) आधी घाईघाईत काढलेले रिकामे आयडी मी पोत्याने पाहिलेत. विद्वान या प्राध्यापकांच्या पोर्टलवरचं प्रोफाइलही वापरा, ते इन्फ्लिबनेटचं आहे, देशभरचे थिसिस ठेवणारे शोधगंगावालेच. आणि उरलेलं हाताने. खरंच हाताने. तुमच्या लायब्ररीत कॅटलॉगिंगला वीस वर्षं काढलेल्या कोणी बाई असतील तर त्यांना या कामात घ्या, ऑथॉरिटी फाइल (एका माणसाची सगळी नावं एका ठरलेल्या नावाखाली आणणारी यादी) म्हणजे काय हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगतील आणि कुठल्या जोशी मॅडम आधीच्या कुठल्या कुलकर्णी हेही त्यांनाच माहीत असतं. तो एमसीएवाला पोरगा त्यांच्या शेजारी महिनाभर बसला तर मॉडेलमध्ये जे मिळणार नाही ते तिथे मिळेल. तुमचं डीस्पेस 7 किंवा पुढचं असेल तर त्यात माणसाची वेगळी नोंद करता येते, थिसिस आणि पेपर त्या नोंदीला जोडायचे, जुन्या व्हर्जनमध्ये नाव म्हणजे नुसता टेक्स्ट असतो.

आता अल्गोरिदम. पोरगा गूगल करून लिंक प्रेडिक्शनपर्यंत (जाळ्यात पुढे कोण कोणाशी जोडलं जाईल याचा अंदाज) नक्की पोचेल, तेव्हा थोडं त्याबद्दल. कल्पना सोपी आहे, दोघांचे कॉमन सहलेखक जितके जास्त तितकी ते पुढे एकत्र येण्याची शक्यता जास्त. लिबेन-नॉवेल आणि क्लाइनबर्ग या दोघांनी 2003 मध्ये आर्काइव्ह (arXiv) या साइटवरच्या फिजिक्सच्या पेपरांवर हे तपासलं, 1994 ते 96 चं सहलेखनाचं जाळं घेऊन 1997 ते 99 मध्ये कोण नव्याने जोडले जातील याचा अंदाज, आणि साधी मापंसुद्धा अंधारात बाण मारण्यापेक्षा कितीतरी पट चांगली निघाली. पण नीट वाचा, तरीही बहुतेक अंदाज चुकतच होते. त्यातलं ॲडॅमिक-अडार हे माप मला आवडतं. कॉमन मित्र किती एवढंच मोजत नाही, मित्र किती निवडक आहे तेही बघतं. प्रत्येक कॉमन सहलेखकासाठी एक भागिले त्याच्या एकूण सहलेखकांच्या संख्येचा नॅचरल लॉग. ज्याचे फक्त 3 सहलेखक आहेत तो 0.91 गुण देतो आणि ज्याचे 300 आहेत तो 0.18 च्या आसपास. म्हणजे सगळ्या गावाला ओळखणाऱ्याने ओळख करून दिली त्याला फार किंमत नाही, घरकोंबड्या माणसाने दिली तर आहे.

हे वजन ठेवलं नाही तर काय होतं त्याचं उदाहरण द्यायचं तर 2015 चा हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानाचा पेपर घ्या, ॲटलास आणि सीएमएस या सर्नच्या दोन्ही प्रयोगांच्या टीम मिळून 5154 लेखक. सहलेखनाच्या जाळ्यात त्या एका पेपरने 1,32,79,281 जोड्या तयार होतात. तुमच्या फिजिक्स विभागातलं कोणी अशा प्रयोगात असेल तर त्यांच्या यादीत जन्मात न भेटलेली माणसं "जवळची" म्हणून दिसतील आणि बाकी सगळं त्यात बुडून जाईल. म्हणून एका पेपरचं वजन लेखकांच्या संख्येने वाटून द्यायचं, न्यूमनने 2001 मध्येच ते करून दाखवलंय, किंवा सरळ पंचवीस-तीसपेक्षा जास्त लेखकांचे पेपर जाळ्यातून काढून टाका, मी काढतो.

पण हे सगळं पेपरांसाठी. तुमच्याकडे मुख्य माल थिसिसचा आहे आणि थिसिसचं जाळं वेगळ्याच आकाराचं असतं, हे मला पहिल्या वेळी फार उशिरा कळलं. थिसिसवर विद्यार्थी एक, गाइड एक, क्वचित को-गाइड. कागदावर काढून बघा: मध्ये गाइड, भोवती दहा-बारा विद्यार्थी, झाली एक चांदणी. शेजारी दुसऱ्या गाइडची चांदणी. दोन्हींत एकही धागा नाही. आता यावर कॉमन सहलेखक चालवा, तो काय सांगणार? एकाच गाइडचे दोन विद्यार्थी एकमेकांना सुचवणार. गुरुबंधू! ते एकमेकांना ओळखतात हो, एकाच लॅबमध्ये डबा खाल्लाय पाच वर्षं, आणि त्यातले निम्मे आता कुठल्या कॉलेजात आहेत तेही रिपॉझिटरीला माहीत नाही. आमच्या पहिल्या व्हर्जनमध्ये हेच झालं आणि कागदावर अचूकता मस्त दिसत होती.

म्हणून थिसिसचा उपयोग मजकुरासाठी करा. तिथे लायब्ररीकडे असं काही आहे जे स्कोपससारख्या पेपरांच्या डेटाबेसकडे नाही. समजा केमिस्ट्रीच्या एका मॅडमनी यवतमाळकडच्या बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड काढायच्या फिल्टरवर काम केलंय, जिऑलॉजीतल्या सरांच्या विद्यार्थ्याने तिथल्याच खडकातून ते पाण्यात उतरतं कसं यावर, आणि समाजशास्त्रात कोणीतरी त्याच पट्ट्यातल्या बायकांना पाण्यासाठी किती चालावं लागतं यावर. तिघांचा एकही कॉमन सहलेखक नाही, तिघांचे कीवर्ड वेगळे, जर्नलं वेगळी, आणि तिघं तुमच्याच कॅम्पसवर वेगवेगळ्या कँटीनमध्ये चहा पितात. हे शोधून देणं हे तुमचं काम. पाच वर्षं ज्यांच्यासोबत पेपर लिहिलेत त्यांचंच नाव परत दाखवायला सिस्टीम कशाला हवी?

त्यासाठी थिसिसचा गोषवारा आणि शीर्षक घेऊन एम्बेडिंग काढा (मजकुराचे असे आकडे की सारख्या अर्थाचे मजकूर जवळ येतात), इंग्रजीसाठी स्पेक्टर हे मॉडेल चांगलं आहे (2020 चं, सायटेशन बघून शिकवलेलं), मग प्रत्येक प्राध्यापकासाठी त्याचे स्वतःचे पेपर अधिक त्याने गाइड केलेले थिसिस. सगळ्यांची एकच सरासरी काढू नका, दोन-तीन विषयांत काम करणाऱ्या माणसाची सरासरी काढली की तो कुठल्याच विषयाचा उरत नाही, भाजी आणि खीर एकत्र कालवल्यासारखं. विषयांचे गठ्ठे वेगळे ठेवा. नव्याने लागलेल्या असिस्टंट प्रोफेसरकडे पेपर नसले तरी स्वतःचा थिसिस असतोच, तोच धरा, खरी गरज त्यांनाच असते. मग मजकुरावरून निघालेली नावं आणि जाळ्यातलं अंतर हे दोन्ही मिळवा. पेन स्टेटच्या लोकांनी 2011 मध्ये साइटसीअरएक्स या पेपर शोधायच्या साइटच्या डेटावर कोलॅबसीअर नावाने असंच केलं होतं, जाळं आणि विषय एकत्र, आणि कुठल्या विषयासाठी माणूस हवाय ते वापरणाऱ्यालाच निवडायला दिलं होतं. ते निवडायला देणं फार महत्त्वाचं आहे, आपोआप ओळखायच्या नादात लोक ते गाळतात. पेपरांचं जाळं लागेल त्यासाठी ओपनॲलेक्स हा जगभरच्या पेपरांचा डेटाबेस घ्या, 2022 पासून सुरू आहे, डेटा मोकळा, पैसे नाहीत. त्यातही नावांचे घोळ आहेतच, वरचा कॅटलॉगिंगचा परिच्छेद परत वाचा.

अजून एक, खरा जोडीदार बऱ्याचदा तुमच्या विद्यापीठात नसतोच. आपल्याकडे वैद्यकीयचं सगळं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, शेतीची चार विद्यापीठं वेगळी. फ्लोराइडवाल्या मॅडमना दातांच्या डॉक्टरची गरज आहे आणि तो तुमच्या डीस्पेसमध्ये सापडणार नाही. पुढच्या टप्प्यात ओएआय-पीएमएचने (रिपॉझिटरींनी एकमेकांच्या नोंदी घ्यायची ठरलेली पद्धत) बाहेरच्या रिपॉझिटरींचा मेटाडेटा उचलायची तयारी ठेवा, डीस्पेसला ते येतं.

डाउनलोडच्या लॉगवर फार भिस्त ठेवू नका. थिसिस उघडणारे बहुतेक गूगलवरून आलेले, लॉगिन नसलेले, परीक्षेच्या आदल्या आठवड्यातले विद्यार्थी. त्यातून "हे वाचलंत तर तेही वाचा" निघेल, "यांना भेटा" नाही निघणार.

स्क्रीनवर काय दाखवायचं तर पाच नव्हे तीनच नावं दाखवा, आणि प्रत्येकाखाली कारण एका ओळीत: "दोघांचंही काम यवतमाळच्या भूजलावर, त्यांच्या दोन थिसिस इथे". टक्केवारी अजिबात दाखवू नका, 97 टक्क्यांनी माझी काय अवस्था केली ते वर सांगितलंच. एक नाव किती जणांच्या यादीत जाऊ शकतं त्यावर मर्यादा घाला, नाहीतर सगळ्यांना तेच चार मोठे सर आणि त्या सरांकडे दुसऱ्यांच्या ईमेलना उत्तर द्यायला वेळ नसतो. "हे नाव नको" असं बटण द्या आणि कारण विचारू नका, भांडणं आपल्याला माहीत नसतात आणि माहीत करूनही घ्यायची नाहीत. ज्यांना यादीत दिसायचंच नाही त्यांना बाहेर पडायची सोय हवी.

तपासायचं कसं हा तुमचा शेवटचा प्रश्न. पोरगा म्हणेल 2019 पर्यंतच्या डेटावर शिकवू आणि पुढच्या तीन वर्षांवर तपासू. करू दे, रिपोर्टला लागतं. फक्त यात एक गोम आहे, जे एकत्र येणारच होते त्यांना ओळखल्याचे गुण मिळतात आणि फ्लोराइडवाल्या तिघांना सुचवल्याचे शून्य, कारण ते तेव्हा भेटलेच नव्हते. म्हणून सोबत पंधरा प्राध्यापकांकडे छापील कागद घेऊन जा आणि प्रत्येक नावापुढे दोनच प्रश्न: यांचं काम आधी माहीत होतं का, आणि यांना चहाला बोलवाल का. पहिल्याला नाही आणि दुसऱ्याला हो, असे किती निघतात ते मोजा. आमच्याकडे सुरुवातीला फार कमी निघाले, नावं साफ केल्यावर वाढले, मॉडेल बदलून जेमतेम फरक पडला.

मराठी, हिंदी, इतिहास वगैरे विभागांचं मुद्दाम शेवटी ठेवलंय कारण तिथे वेगळीच गंमत आहे. स्पेक्टरला मराठी येत नाही. त्याऐवजी लाब्से हे अनेक भाषांचं मॉडेल घ्या किंवा पुण्याच्या एल3क्यूबवाल्यांचं महाएसबर्ट हे मराठीचं, दोन्ही करून बघा. लाब्सेचा फायदा असा की मराठीतला थिसिस आणि इंग्रजीतला पेपर शेजारी येऊ शकतात, लोककलेवर मराठीतून लिहिणारे आणि इंग्रजीतून लिहिणारे एकमेकांना सापडतात. पण त्याआधी एक करा: मराठी विभागाची एखादी जुनी पीडीएफ उघडा, एक ओळ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. देवनागरी आली तर नशीब. रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांचा चिवडा आला तर ती श्रीलिपी किंवा तसल्याच युनिकोडपूर्व फॉन्टमधली आहे, मॉडेलला त्यातलं ओ की ठो कळणार नाही आणि ते तक्रारही करणार नाही, गपचूप असले सगळे थिसिस एकमेकांसारखे आहेत असं सांगेल, आणि मग भाषाशास्त्रवाल्यांना ग्रामीण कथेवाले सुचवले जातील ते फक्त फॉन्ट एक म्हणून. फॉन्ट ओळखता आला तर कन्व्हर्टरने काम होतं, नुसतं स्कॅन असेल तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचून मजकूर काढणं, त्यातल्या टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरला मराठी येतं, पण जोडाक्षरं तपासावी लागतात. तुमच्याकडे असल्या किती आहेत ते वीस-पंचवीस पीडीएफ अशा उघडून बघा आणि इथेच कळवा, त्यावरून कन्व्हर्टर की ओसीआर ते सांगतो.